उरलेली दोनशे सत्तर अक्षरं

भावाला मुलगी झाली त्या दिवसापासून घरात सगळेच तिला आत्या म्हणू लागले. भाऊ आधी ताई म्हणायचा, तोही आत्या म्हणू लागला. भावजय म्हणू लागली. खालच्या मजल्यावरचा चष्मेवालासुद्धा जिन्यात भेटला की "काय आत्या, आज सुट्टी वाटतं?" असं विचारायचा. ती मुलगी, गोल गोल डोळ्यांमुळे जिला सगळे गोटी म्हणायचे, तेरा महिन्यांची होऊन गेली. तिच्या तोंडून 'आत्या' हा शब्द एकदाही निघाला नाही. हाक मारणारी गेली आणि नाव तेवढं मागे राहिलं.

आत्याची चाळिशी उलटली होती. लग्न केलं नव्हतं. एका संशोधन संस्थेत ती अठरा वर्षं नोकरी करत होती. तिचं काम काय, ते भावानं एकदा चष्मेवाल्याला समजावलं होतं ते असं: "अक्षरं वाचून ती सांगते, कोण काय काम करतं." हे तसं बरोबरच होतं. शरीरात हजारो प्रथिनं असतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची एक लांब माळ. प्रत्येक प्रकारच्या मण्याला एक अक्षर दिलं की त्या माळेची तीन-चारशे अक्षरांची ओळ होते. त्यांतली बरीचशी प्रथिनं म्हणजे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकरं म्हणतात ती. एकेकाचं एकेक ठरलेलं काम. कुणी साखर फोडतं, कुणी विष निकामी करतं, कुणी जीवनसत्त्व वापरण्याजोगं करून देतं. एका एन्झाइमचं काम प्रयोग करून सिद्ध करायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि नव्या ओळी तर रोज हजारांनी येतात. मग उपाय एकच. ज्याचं काम माहीत आहे त्याच्याशी नव्या ओळीचं किती जुळतं ते मोजायचं. खाण तशी माती. कुठल्या जागी कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं, इतकं साम्य निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता किती ते काढायचं, आणि आकडा भक्कम आला की जुन्याच्या कामाची चिठ्ठी नव्याला लावून टाकायची. ज्यांना चिठ्ठी लागत नसे त्यांना आत्याच्या खोलीत 'बेनामी' म्हणत.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. यंत्रं तापू नयेत म्हणून एसी कायम चालू, त्यामुळे बाहेर अंग भाजत असलं तरी आत्या आत राखाडी स्वेटर घालून बसलेली असे. एसीचं पाणी एका प्लास्टिकच्या बादलीत ठिबकत राही. खिडकीतून छापखान्याची मागची बाजू दिसे, आणि तिथे कागदाच्या कातरणांनी भरलेली पोती.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. भावजय शाळेत गणित शिकवायची, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण. ती जेवताना मीठ वाढायलासुद्धा अर्धा चमचा, पाव चमचा असं मोजून बोलायची आणि भाऊ तिची नक्कल करायचा. आत्या त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहायची.

गोटीला तिसऱ्या महिन्यात पहिली आकडी आली. मग रोज येऊ लागली, मग दिवसातून वीस-वीस वेळा. मुलांच्या मेंदूविकाराच्या एक डॉक्टर होत्या, पिकलेल्या केसांच्या, मितभाषी. त्यांनी एकामागून एक चार औषधं देऊन पाहिली. नवव्या महिन्यात मुलीची जनुकं तपासून घेतली. अहवालात तीन ठिकाणी बदल सापडले होते. पहिला निरोगी माणसांतही सापडणारा. दुसरा रक्त गोठण्याशी संबंधित. तिसरा बदल ज्या एन्झाइममध्ये होता त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'यकृतातील शर्करेवर काम करणारे'. डॉक्टरांनी पेन घेऊन तिन्हींवर रेघा मारल्या.

भाऊ तो कागद घेऊन वर आला. "तू ऑफिसात हेच करतेस ना? एकदा डोळ्यांखालून घाल."

आत्यानं घातला. संस्थेच्या नोंदींमध्ये ते तिसरं एन्झाइम शोधून काढलं, चिठ्ठी वाचली, अहवालाशी जुळते का पाहिलं. जुळत होती. याला चार-पाच मिनिटं लागली असतील.

"डॉक्टर बरोबर म्हणतात," ती म्हणाली. "याचा मेंदूशी संबंध नाही."

चार महिन्यांनी गोटी गेली, एका गुरुवारी सकाळी, मास्तरणीच्या मांडीवर.

पुढे दोन वर्षांनी मास्तरणीनं एकदा आत्याला विचारलं. विचारताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि वर बघत नव्हती. "पुन्हा तसंच होण्याची शक्यता किती?"

"कारणच सापडलेलं नाही, मग आकडा कसा सांगू?" आत्या म्हणाली. पण मास्तरणीचे हात थांबलेले पाहून तिला राहवलं नाही. "कमी असावी."

त्या 'असावी'वर भरवसा ठेवून ढब्बूचा जन्म झाला. गुबगुबीत, आवाजानं घर डोक्यावर घेणारा. दोन महिने काही झालं नाही. मास्तरणीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. दहाव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, आत्याचा फोन वाजला. भाऊ फक्त एवढंच म्हणाला, "आत्या, डोळे फिरवतोय."

तेच हॉस्पिटल, त्याच डॉक्टर. आकडी थांबवायचं एक औषध दिलं, दुसरं दिलं. फरक नाही. रक्त तपासायला घेतलं, पण जनुकांचा अहवाल यायला पाच-सहा आठवडे लागणार होते. ढब्बूच्या हाताला सुई लावलेली, डोक्याला तारा चिकटवलेल्या. मास्तरीण भिंतीला टेकून उभी होती. तिला खुर्ची दिली तरी ती बसेना.

"नव्या अहवालाची वाट कशाला बघायची?" आत्या भावाला म्हणाली. "दोघांचं कारण एकच असणार. गोटीचा कागद दे मला."

रविवारी सकाळी ती संस्थेत गेली. पहारेकऱ्यानं कुलूप काढून दिलं. तिनं तीनही बदल पुन्हा पहिल्यापासून पाहायचं ठरवलं. पहिल्या दोहोंत दुपार झाली, हाती काही लागलं नाही. मग तिसऱ्याची नोंद उघडली. या वेळी तिनं चिठ्ठी वाचली नाही, चिठ्ठीखालचं काम पाहिलं. कुठलं अक्षर कशाशी जुळवलं होतं, ते.

त्या प्रथिनाची लांबी होती चारशे दहा अक्षरं. यकृतातल्या त्या साखरेच्या एन्झाइमशी त्याचं साम्य जबरदस्त होतं, पण ते पहिल्या एकशे चाळीस अक्षरांपुरतंच. पुढची दोनशे सत्तर अक्षरं कशाशीच जुळवलेली नव्हती. रिकामी सोडलेली. डोक्यावरची टोपी पाहून माणसाला पोलीस ठरवावं आणि त्याच्या हातात कात्री आहे की करवत, ते बघूच नये, असला तो प्रकार होता.

तिनं उरलेली दोनशे सत्तर अक्षरं वेगळी काढली. जवळचं कुणी नातेवाईक सापडलं नाही. मग तिनं लांबचे शोधले. जिवाणूंत, यीस्टमध्ये, गवतात, उंदरात. दर खेपेला सापडलेल्या ओळी एकाखाली एक लावायच्या, कुठल्या जागी कुठलं अक्षर टिकून राहतं त्याचा तक्ता करायचा, आणि त्या तक्त्यानं पुन्हा शोधायचं. पाचव्या फेरीत आकडा वर आला. असं साम्य योगायोगानं येण्याची शक्यता कोटीत एकही नव्हती. ते सगळं कुटुंब एकच काम करत होतं. एका साध्या जीवनसत्त्वाला वापरण्याजोगं रूप द्यायचं, ज्याच्यावाचून माणसाचा मेंदू चालत नाही. या कुटुंबात नऊ जागा अशा होत्या की तिथलं अक्षर गवतापासून उंदरापर्यंत कुठेच बदललेलं नव्हतं. निरोगी माणसाच्या ओळीतही नऊच्या नऊ शाबूत होती. गोटीच्या ओळीत त्या नवांपैकी सहाव्या जागी दुसरंच अक्षर होतं.

आत्यानं ते तीनदा मोजलं. मग ती चिठ्ठी कुणी लावली ते पाहिलं.

प्रत्येक नोंदीच्या तळाशी बारीक अक्षरांत गठ्ठ्याचा क्रमांक, तारीख आणि आद्याक्षरं असतात. ती सहसा कुणी वाचत नाही. तारीख चौदा वर्षांपूर्वीची होती. आद्याक्षरं तिची होती.

तो आठवडा तिला आठवत होता. एकवीस हजार बेनामी ओळी आल्या होत्या, आणि तिनं लिहिलेल्या प्रोग्रामनं आठवड्याच्या आत सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. तिनं त्यातल्या दोनशे चिठ्ठ्या हातानं तपासल्या. शितावरून भाताची परीक्षा, तशी पद्धतच आहे. सहा चुकीच्या निघाल्या. म्हणजे सत्त्याण्णव टक्के बरोबर. सरांनी, तिच्या विभागाच्या प्रमुखांनी, सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. पुढे दुसऱ्या संस्थांनी ती चिठ्ठी तिच्याकडून घेतली, तिसऱ्यांनी त्यांच्याकडून. तिनं लिहिलं म्हणून त्यांनी लिहिलं. गोटीच्या अहवालात आली तेव्हा ती सात-आठ हातांतून फिरून आलेली होती. आणि आत्यानं स्वतःच्याच चुकीशी ताडून पाहून म्हटलं होतं, जुळते.

बादली काठोकाठ भरली होती. ती उठली, बादली बेसिनमध्ये रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवली, आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "हे अनुमान आहे," त्या म्हणाल्या.

"हो, अनुमान आहे. पण बळकट आहे. आणि जीवनसत्त्वच द्यायचंय, तेही तयार रूपातलं. चुकलं तरी फारसा अपाय नाही ना?"

"श्वासावर लक्ष ठेवावं लागेल. या तुम्ही. येताना कागद घेऊन या."

चिठ्ठी कुणी लावली ते आत्या बोलली नाही. डॉक्टरांनी विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी नऊला शिरेतून पहिला डोस दिला. मंगळवारी दुपारपर्यंत आकड्या बंद झाल्या. डोक्याच्या तारांतून कागदावर उमटणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा शांत झाल्या. नर्सनं डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि त्या पहिल्यांदाच खुर्चीत टेकल्या. पण त्या चार दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. डाव्या डोळ्याला उजेड कळत नव्हता.

"जगेल," डॉक्टर म्हणाल्या. "औषध मात्र जन्मभर. बाकीचं किती परत येतं, ते हळूहळू कळेल."

मास्तरीण आत्याच्या गळ्यात पडून रडली. गोटी गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "तुम्ही होतात म्हणून," ती म्हणत राहिली. "आत्या, तुम्ही होतात म्हणून." आत्याचे हात तिच्या पाठीवर होते, आणि ते कुठे ठेवावेत ते आत्याला कळत नव्हतं.

यानंतरचे तीन आठवडे आत्या घरी त्या चिठ्ठीबद्दल गप्प राहिली. तेवढं तिच्या हातून झालं, आणि ते तिनं पुढे कधी कुणापाशी नाकारलं नाही. चष्मेवाल्यानं जिन्यात हात जोडले. शाळेतल्या शिक्षिका तिला बघायला आल्या. संस्थेत सरांनी तिला बोलावून सांगितलं की यावर एक लेख व्हायला हवा, आपल्या पद्धतीचं यश म्हणून.

"सर, ती चुकीची चिठ्ठी आपलीच होती. माझी होती."

सरांनी चष्मा काढला, पुसला. "मग दुरुस्त करा. शंभरात तीन चुका असतील हे आपण तेव्हाच छापलं होतं. लपवलं नव्हतं."

खरंच लपवलं नव्हतं. त्याच लेखाच्या चौथ्या पानावर ते होतं, आणि आत्याला त्या वेळी त्या प्रामाणिकपणाचा अभिमानही वाटला होता. एकवीस हजारांतले तीन टक्के म्हणजे सहाशे तीस. तिनं तो गुणाकार तेव्हा केला नव्हता, असंही नाही. केला होता. फक्त त्या सहाशे तिसांना चेहरे नव्हते.

मास्तरीण तोवर विचार करू लागली होती. गणित शिकवणारी बाई. एक पायरी गाळलेली तिला कशी चालणार? एका दुपारी आत्या खाली गेली तेव्हा भाऊही घरीच होता, ढब्बूला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होता. मास्तरीण स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून चमच्यानं गोळी कुटत होती.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "तो तिसरा बदल गोटीच्या कागदावर होताच ना? मग तेव्हाच का नाही कळलं?"

"नोंद चुकीची होती," आत्या म्हणाली.

"ते डॉक्टरही म्हणाल्या. पण चुकीची कुणी केली?"

भाऊ म्हणाला, "अगं, त्या काय एकट्यादुकट्याच्या असतात? मशीन करतं ते."

"मी केली," आत्या म्हणाली.

चमच्याचा आवाज थांबला.

आत्यानं सगळं सांगितलं. एकवीस हजार, दोनशे, सहा. पहिली एकशे चाळीस अक्षरं आणि रिकामी सोडलेली दोनशे सत्तर. भाऊ कागद घेऊन वर आला होता तेव्हा तीच चिठ्ठी पाहून आपण हो म्हटलं, तेही सांगितलं. सांगताना तिनं स्वतःची बाजू एकदाही मांडली नाही, निदान मांडायची नाही असं तिनं ठरवलं होतं. पण शेवटी बोलून गेलीच, "हातानं तपासली असती तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर," मास्तरीण म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. मग तिनं विचारलं, "किती वेळ लागला असता?"

"कशाला?"

"एक नोंद हातानं तपासायला."

आत्याला खोटं बोलता आलं असतं. "वीस मिनिटं."

मास्तरणीनं गोळीची पूड पाण्यात कालवली, ढवळली, सिरिंजमध्ये ओढून घेतली. चढलेली रेघ डोळ्यांसमोर धरून तपासली. ढब्बूला नवऱ्याकडून घेतलं आणि थेंब थेंब करून सगळं औषध पाजलं. त्याचं तोंड पुसलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "आणि खाली येत जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी भाऊ संस्थेच्या फाटकाशी येऊन थांबला होता. कामाचे कपडे, हातांना ग्रीस. दोघं रस्ता ओलांडून छापखान्याच्या कुंपणालगतच्या कट्ट्यावर बसली. आत्याला वाटलं होतं तो ओरडेल. तो ग्रीसचे हात पँटला पुसत राहिला.

"तू सांगितलंस कशाला?" शेवटी तो म्हणाला.

"तिनं विचारलं."

"मी वाट काढून दिली होती ना तुला? मशीन करतं म्हटलं होतं ना? तिची जरा झोप लागायला लागली होती. ढब्बू वाचला, आता हळूहळू सावरेल असं वाटत होतं. आता रात्रंदिवस वीस मिनिटं, वीस मिनिटं करत बसलीय. तुझ्या छातीवरचा दगड तू उचललास आणि तिच्या छातीवर ठेवलास."

"मग काय तिच्याकडून धन्यवाद घेत राहायचं होतं?"

"घ्यायचं होतं!" आता तो ओरडला. छापखान्यातला एक माणूस वळून पाहू लागला. भावानं आवाज खाली आणला. "तेवढी शिक्षा तू एकटीनं भोगायची होतीस. लिफ्ट दुरुस्त करून चालू करताना मी शंभरात तीन दोर तुटतील असं लिहून सही केली, तर मला तुरुंगात टाकतील. तुमच्यात टाळ्या वाजवतात."

भाऊ उठला, चार पावलं गेला, परत आला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," तो म्हणाला. "कुणाकडे तक्रार करू?" आणि तो गेला.

महिन्याभरात आत्यानं ते घर सोडलं आणि संस्थेच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. भाऊ अधूनमधून फोन करी, ढब्बूचं सांगे. मान धरली. उजव्या हातानं खुळखुळा पकडला. बसवलं तर डावीकडे कलतो. मास्तरणीचं नाव दोघंही काढत नसत.

चिठ्ठी आत्यानं दुरुस्त केली. पण ती दुरुस्ती फक्त त्यांच्याच संस्थेच्या नोंदींत. बाहेर ती अडीच हजार ठिकाणी उतरवून घेतलेली होती. तिनं एकेका संस्थेला पत्रं लिहिली. काहींनी बदल केला, काहींनी पोचही दिली नाही. एका ठिकाणाहून उत्तर आलं की आमची यंत्रणा तुमच्याकडून आपोआप घेते, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या फेरीत होईल. मग तिनं सरांकडे जाऊन सांगितलं की मला एकवीसच्या एकवीस हजार हातानं तपासायच्या आहेत.

"हे संशोधन नाही," सर म्हणाले.

"नाही."

"बढती थांबेल तुमची."

"थांबू दे."

सरांनी परवानगी दिली. त्यांनाही आतून काही टोचत असावं, पण ते कधी बोलले नाहीत. आत्या सकाळी नऊला बसायची आणि एकेक नोंद उघडायची. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. कुठला भाग कशाशी जुळतो, कुठला रिकामा आहे, महत्त्वाच्या जागा शाबूत आहेत का. दिवस संपला की चुकीच्या सापडलेल्यांची यादी बाहेर पाठवायची. लोक तिच्या खोलीत यायचे कमी झाले.

आठव्या महिन्यात एका परक्या देशातल्या हॉस्पिटलमधून पत्र आलं. ढब्बूच्याच एन्झाइमबद्दल होतं. लिहिणाऱ्या डॉक्टरनं चार ओळींतच उरकलं होतं. आमच्याकडे हाच बदल असलेलं एक मूल होतं. तुमची दुरुस्ती आम्ही मार्चमध्ये वाचली. मूल फेब्रुवारीत गेलं. तरी आभार, कारण त्याची आई पुन्हा गरोदर आहे.

आत्यानं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला बसली, तीन वेळा खोडलं, आणि शेवटी औषधाच्या मात्रेबद्दल ढब्बूच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं लिहून पाठवलं.

आणखी सहा महिने गेले. एका दुपारी खालून पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, तुमच्याकडे एक मास्तरीणबाई आल्यात."

ती शाळेतून परस्पर आली होती. बोटांना खडू, खांद्याला वह्यांची पिशवी. वाळली होती. आत्यानं खुर्ची पुढे केली. ती बसली, एसीच्या गारव्यानं तिनं हात काखेत घेतले. आत्यानं स्वेटर काढून पुढे धरला, तो तिनं घेतला नाही.

"ती नोंद दाखवा," ती म्हणाली.

"ती आता बदललीय."

"जुनी पुसून टाकली?"

"नाही. बदलांच्या इतिहासात राहते."

"मग ती दाखवा."

आत्यानं उघडली. मास्तरणीनं पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून वाचली. हा रकाना कशाचा, हा आकडा कसा आला, ही रेघ कुठवर, असं विचारत गेली. उत्तरपत्रिका तपासताना गुण कुठे कापायचे ते ठरवतात, तशी. तळाशी पोचल्यावर तिनं तारीख वाचली, आद्याक्षरं वाचली, आणि जरा वेळ तिथेच थांबली.

"तेव्हा आमचं लग्नसुद्धा झालं नव्हतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग विचारलं, "आता सगळ्या तपासताय म्हणे. रोज किती होतात?"

"चोवीस."

"म्हणजे आठशे पंचाहत्तर दिवस. सुट्ट्या धरून साडेतीन वर्षं." तिला हिशेबाला क्षणही लागला नाही. "किती झाल्या?"

"सात हजार."

"चुकीच्या?"

"दोनशे चौतीस."

मास्तरणीच्या ओठांची किंचित हालचाल झाली. "तीन टक्क्यांच्या वर जातं हे."

"हो."

"म्हणजे तोही आकडा चुकलाच होता तुमचा."

"हो," आत्या म्हणाली.

बाहेर छापखान्याचं कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद झालं. मास्तरणीनं नवी नोंद उघडायला सांगितली. तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चारशे दहाव्या अक्षरापर्यंत. या वेळी तिनं काही विचारलं नाही. वाचून झाल्यावर पिशवी उचलली.

आत्या तिच्याबरोबर जिन्यात गेली. ढब्बूबद्दल विचारायचा आपल्याला हक्क आहे की नाही, या विचारात दोन पायऱ्या संपल्या. शेवटी विचारलंच, "कसा आहे तो?"

मास्तरीण कठड्यावर हात ठेवून थांबली. वळली नाही.

"काल खुर्ची धरून उभा राहिला," ती म्हणाली. "डावा पाय टेकत नाही अजून." आणि ती खाली उतरून गेली.